त्या कलमांना ब्लेड लागलं नव्हतं

यंदाच्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला माझ्या शेजारी एक तरुण गृहस्थ बसले होते. पुण्याचे, नुकतेच दुबईत आलेले, बँकेत कामाला. मी आयुष्यभर झाडांच्या किडींचं काम केलं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "काका, मग तुम्हाला ती खलिफा सिटीतल्या माळ्याची गोष्ट माहीतच असेल."

आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी ती मला सांगितली. एका मराठी साहेबांनी बंगल्यात हापूसची कलमं लावली. माळ्याने सुट्टी मागितली, ती मिळाली नाही. त्या रागात त्याने ब्लेडने सगळ्या डहाळ्या चिरल्या. पकडला गेला तेव्हा म्हणतो कसा, "साहेब, मी झाडांना घाबरवत होतो. घाबरली की आंबे धरतात." टेबलावरचे सगळे हसले. मग ते गृहस्थ आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि मुळाशी लिंबू पण पुरलं होतं म्हणे. करणी. ते लोक करतात असलं काहीतरी."

लिंबू आणि करणी माझी नाही. ती गेल्या काही वर्षांत कुणीतरी जोडली असणार. त्याआधीची सगळी गोष्ट मात्र माझी आहे. 'झाडांना घाबरवत होतो' हे वाक्य त्या माळ्याने कधीच उच्चारलं नाही. ते मी त्याच्या तोंडी घातलं. आधी बंगल्याच्या मालकासमोर, आणि नंतर याच मंडळाच्या माईकवर, तुम्हा सगळ्यांसमोर. तुम्ही तेव्हा पोट धरून हसला होतात.

संपादक बरीच वर्षं माझ्या मागे आहेत की मंडळाच्या दिवाळी अंकासाठी धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. या वर्षी लिहितो. गमतीची जबाबदारी घेत नाही.

आधी धंदा काय होता ते सांगतो. दुबईत अल क्वोजला एका लँडस्केपिंग कंपनीचं यार्ड होतं. कुंड्या, खताच्या गोण्या, पाण्याच्या नळ्या आणि चारपाच पिकअप गाड्या. तिथे मी झाडांच्या रोगकिडींचा सुपरवायझर. राहायला अल कुसैस. शेतकीची पदवी घेऊन आलो आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बागा तपासल्या. दहातल्या आठ तक्रारींचं कारण जास्त पाणी हेच असतं, पण ते सांगितलेलं कुणाला आवडत नाही. 'पाणी कमी करा' एवढं सांगायला माणूस बोलावला, हे लोकांना फसवणुकीसारखं वाटतं. त्यांना रोगाचं मोठं नाव हवं असतं आणि पाठीवर पंप बांधलेला माणूस हवा असतो. मग आमची कंपनी दोन्ही द्यायची.

एक बाई होत्या, मुंबईच्याच, मोठ्या कंपनीत. त्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे गाफची झाडं होती. गाफ म्हणजे इथलं वाळवंटी झाड, आपली शमीच. उन्हाळा चढला की त्याच्यावर सिकाडा ओरडायला लागतात. आपण मराठीत सरसकट सगळ्यांना रातकिडे म्हणतो, पण हा किडा भर उन्हात, बेचाळीस डिग्रीला, करवत चालवल्यासारखा ओरडतो. बाई म्हणाल्या, "मिस्टर मधुकर, माझे कॉल्स असतात. हे म्यूट करता येत नाही का?"

मी म्हटलं, "मॅडम, नर ओरडतो. मादीला बोलावतो. त्याचं लग्न झालं की आपोआप गप्प होईल."

"म्हणजे किती दिवस?"

"तुमच्याकडे अनुभव असेल, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. मॅनेजरने मला त्याबद्दल झापलं आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसं पाठवून गाफवर फवारणी केली. काही उपयोग झाला नाही. चार मेले, बाजूच्या झाडावरून आठ आले. तो किडा पान खातच नाही, मग पानावरचं औषध त्याला काय करणार? पण गाडी आली, मास्क लावलेली माणसं आली, पांढरा धूर निघाला, बाई खूश. त्या वेळी मी त्या किड्याबद्दल विनोद करत होतो. मादी करते काय हे पाहायची मी कधी तसदी घेतली नव्हती. खरं तर ते पाहणं हेच माझं काम होतं.

आता ती कलमं.

अबुधाबीच्या खलिफा सिटीत एका मराठी साहेबांचा बंगला होता. नाव देत नाही, संपादकांनी तशी अट घातली आहे. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते कळेलच. साहेबांनी सगळे कागदपत्र करून रत्नागिरीहून हापूसची सहा कलमं आणवली. मुलांसाठी, असं ते म्हणायचे. मुलं "व्हॉट्स द पॉइंट, डॅड, लुलू सुपरमार्केटमध्ये मिळतात" म्हणून आत निघून जायची. ती कलमं लावली आणि सांभाळली इब्राहिमने.

इब्राहिम आमच्याच कंपनीचा माळी. दापोलीकडचा, खाडीकाठचा कोकणी मुसलमान. बापाचा धंदा कलमं बांधायचा, त्याचाही तोच. कोयीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बसवायची, पट्टीने आवळायची, वाट बघायची. या कामाला हात लागतो, आणि त्याला तो होता. मला तो मधुभाऊ म्हणायचा. माझा गाव त्याच्या गावापासून लांब नाही. कधी यार्डात भेटलो की आम्ही माशांवर बोलायचो. मैत्री म्हणणार नाही. मी सुपरवायझर होतो आणि ते मला नीट लक्षात असायचं.

कलमं तिसऱ्या वर्षात आली. अंगठ्यापेक्षा बारीक अशा डहाळ्यांनी भरली. त्या उन्हाळ्यात साहेबांचा फोन आला. "मधुकरराव, लगेच या. शेंडे मान टाकतायत."

गेलो. खरंच, सहाही कलमांवर कोवळ्या डहाळ्यांचे शेंडे तपकिरी होऊन लोंबत होते. काही मोडून खाली पडले होते. मी एक डहाळी हातात घेतली. सालीवर बारीक चिरा. एकाखाली एक, ओळीने, थेट लाकडापर्यंत. आणि चिरेच्या कडेला साल उसवलेली. कुणालाही वाटावं की कुणीतरी शांतपणे बसून धारदार पात्याने एकेक चीर दिली आहे.

साहेब मागे उभे होते. म्हणाले, "ब्लेड आहे ना?"

मी म्हटलं, "दिसतंय तसं."

बस. एवढाच तपास. डहाळी मधोमध फोडून आत बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझ्या खिशात चाकू होता. मी तो काढला नाही, कारण साहेबांनी निकाल दिला होता आणि तो मला पटण्यासारखा होता. इब्राहिमने पंधरा दिवसांपूर्वी बहिणीच्या मुलीच्या निकाहासाठी सुट्टी मागितली होती. साहेबांनी कंपनीला सांगून ती नामंजूर करवली होती, कारण कलमांना मोहर धरायच्या आधीचं वर्ष महत्त्वाचं. दोन गोष्टी जोडायला साहेबांना वेळ लागला नाही. "सूड उगवला त्याने," ते म्हणाले. "पोलिसात देतो."

इथे मी इब्राहिमला वाचवायला गेलो. ऐका कसा.

आमच्याकडे कोकणात एक जुनी रीत आहे. आंबा मोठा होऊनही धरत नसेल तर एकजण कोयता घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "धरतोस की तोडू?" खोडावर एकदोन घाव घालतो. दुसरा मध्ये पडतो, झाडाच्या वतीने बोलतो, "सोड त्याला, यंदा धरेल." काहीजण हे अजून करतात. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, वैर नाही हे. आमच्या भागात झाडाला धाक घालतात. बिचाऱ्याने तुमच्या भल्यासाठी केलं असेल. लवकर आंबे धरावेत म्हणून."

साहेब जरा निवळले. मला स्वतःचं कौतुक वाटलं. पोलीस टळले होते.

आता मला कुणीतरी विचारा: मधुकर, ती रीत कुठल्या झाडाची? मोठ्या, वांझ राहिलेल्या. घाव कुठे घालतात? खोडावर. तिसऱ्या वर्षाच्या कलमाच्या कोवळ्या डहाळीवर पातं टेकवलेला एक तरी कोकणी पाहिलास का? नाही पाहिला. आणि ज्याचा बाप कलमं बांधून जगला तो कोवळी डहाळी चिरेल? हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरी बोललो, कारण साहेबांना काहीतरी कारण हवं होतं आणि माझ्याजवळ एक सुंदर कारण तयार होतं.

मग मी इब्राहिमकडे गेलो. तो पाण्याच्या टाकीमागे सावलीत उभा होता. साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे इथल्या उन्हाळी नियमाने उन्हात काम बंद. मी म्हटलं, "इब्राहिम, मी सांभाळून घेतलंय. साहेबांना सांग, झाडांना धाक घातला म्हणून. माफी माग. यल्ला, चल, संपव."

तो म्हणाला, "कसला धाक?"

"कोयत्याचा. डहाळ्यांवर."

"मी हात नाय लावला, मधुभाऊ. पाणी घातलं नि तण काढलं. चिरा मला पण दिसल्या काल. मी सांगणारच होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"साहेबांचा मूड बघून सांगणार होतो."

"हे बघ, पोलिसात जायचंय का? कबूल कर. दोन शब्द बोल, सोडतील. मी आहे ना."

मी आहे ना. हे मी त्याला म्हणालो होतो.

तो आत गेला. साहेबांच्या हॉलमध्ये, चप्पल बाहेर काढून, गुळगुळीत फरशीवर अनवाणी उभा राहिला. वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. तो खाली बघत म्हणाला, "माफ करा साहेब. चूक झाली." एवढंच. घाबरवलं वगैरे तो काही बोलला नाही. ते मी बोललो, त्याच्या शेजारी उभा राहून. "झाडांना घाबरवत होता, साहेब." साहेब हसले. वहिनीही हसल्या. मीसुद्धा.

साहेब हसले याचा अर्थ सुटला असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आमच्या मॅनेजरला फोन केला. माळ्याने स्वतः कबुली दिली आहे, मला असा माणूस कुठल्याच बागेत नको. महिना संपायच्या आत इब्राहिमचा व्हिसा रद्द झाला आणि तो घरी गेला. मॅनेजर मला म्हणाला, "तुम्हीच तर कन्फर्म केलंत, सर." मी म्हटलं, "हो." साहेबांचा राग, कंपनीची घाई, माझा शब्द. तिघांपैकी एकानेही त्या डहाळीच्या आत बघितलं नव्हतं.

त्या गणपतीत मंडळात 'धमाल अनुभव' असा कार्यक्रम होता आणि मी माईकवर जाऊन ही गोष्ट सांगितली. आवाज बदलून, खाली मान घालून, "झाडांना घाबरवत होतो" असं म्हणत. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी लोकांनी फर्माईश केली. तेव्हाही सांगितली.

त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात मला अल ऐनच्या एका शेतावर पाठवलं. डाळिंबाची नवी बाग. शेंडे वाळतायत अशी तक्रार. सकाळची वेळ, बांधावरच्या गाफवर सिकाडांचा कालवा चाललेला. मी एका डाळिंबाजवळ वाकलो आणि तिथे एक मादी बसली होती. पेन्सिलीएवढ्या डहाळीवर, डोकं वर करून. पोटाखालून एक काळा काटा बाहेर आला होता आणि तो ती सालीत घुसवत होती. घुसवला, थांबली, काढला, थोडी वर सरकली, पुन्हा घुसवला. मी कितीतरी वेळ वाकून बघत होतो. ती उडाली तेव्हा मागे चिरांची ओळ होती. एकाखाली एक. कडेला साल उसवलेली.

या वेळी चाकू काढला. डहाळी फोडली. प्रत्येक चिरेत तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी, तिरपी, दाटीने बसवलेली.

वाचणाऱ्यांना समजावं म्हणून सांगतो. सिकाडाचं खाणं म्हणाल तर नावापुरतं, थोडा रस. नुकसान होतं ते अंड्यांपायी. मादी कोवळ्या डहाळीत अंडी घालते, त्या डहाळीचा वरचा भाग वाळतो, वाऱ्याने मोडतो. काही आठवड्यांनी अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात, खाली जमिनीत शिरतात आणि मुळांचा रस पीत वर्षंच्या वर्षं काढतात. मोठ्या झाडाला याचं काही वाटत नाही, हलकी छाटणी झाल्यासारखं होतं. मरण होतं ते लहान कलमांचं, कारण त्यांच्याकडे कोवळ्या डहाळ्यांशिवाय दुसरं काही नसतंच. यावर औषध मारू नका. किडा ओरडायला लागला की लहान झाडाला बारीक जाळी गुंडाळा, बुडाशी बांधा, ओरडणं संपलं की काढा. इतकं सोपं आहे. साहेबांच्या कलमांच्या मागे भिंतीला लागून गाफची तीन मोठी झाडं होती. त्या दिवशीही त्यांच्यावर सिकाडा ओरडत होते. आम्ही त्या आवाजात उभे राहून ब्लेडबद्दल बोलत होतो.

मी साहेबांकडे गेलो. नाही गेलो असं नाही. डाळिंबाची फोडलेली डहाळी रुमालात घेऊन गेलो. साहेबांनी चहा दिला. त्यांचा मोठा मुलगा तिथे बसला होता. मी 'सिकाडा' म्हटल्याबरोबर त्याने मोबाइल काढला. "अंकल, दे आर इन अमेरिका. दे कम एव्हरी सेव्हन्टीन इयर्स."

मी म्हटलं, "बाळा, ते वेगळे. तिथे काही जाती तेरा किंवा सतरा वर्षांनी एकदम लाखोंनी निघतात आणि सफरचंदाच्या बागा अशाच चिरतात. इथले दर उन्हाळ्यात थोडे थोडे निघतात. चिरायची पद्धत तीच."

"इट सेज ओन्ली अमेरिका," तो म्हणाला.

साहेब म्हणाले, "मधुकरराव, त्याने स्वतः कबूल केलं होतं. विसरलात?"

"मी करायला लावलं होतं."

"मग तो तुमचा प्रश्न झाला. हबीबी, दोन वर्षं झाली. खलास." आणि चहाचा कप उचलून हसत म्हणाले, "पण गोष्ट भारी आहे हां. परवा आमच्या एमडीला सांगितली."

मी घरी आलो. मॅनेजरला सांगितलं नाही, कारण मग माझ्या इतर निदानांवरही लोकांनी बोट ठेवलं असतं. मंडळात सांगितलं नाही, कारण जिथे टाळ्या घेतल्या तिथे जाऊन काय सांगणार? मी फक्त ती गोष्ट सांगणं बंद केलं. याला मी बरीच वर्षं प्रामाणिकपणा समजत होतो. मी थांबलो, गोष्ट थांबली नाही. ती साहेबांकडून गेली, तुमच्याकडून गेली, आणि तिला आता लिंबू लागलं आहे.

यंदाच्या गणपतीतल्या त्या जेवणानंतर मी इब्राहिमचा नंबर शोधला. यार्डातल्या एका जुन्या ड्रायव्हरकडे मिळाला. फोन केला. त्याने आवाज ओळखला. त्याला किड्याचं सगळं सांगितलं, अंडी, चिरा, अल ऐन. मग मी माफी मागितली.

तो म्हणाला, "माफी ठेवा तुमच्याजवळ. आमच्या गावची पोरं आहेत ना तिकडे, शारजाला, दुबईला. त्यांनी ती गोष्ट इकडे आणली. व्हॉट्सॅपवर आली. मी कलमं बांधणारा माणूस, मधुभाऊ. आता कोण बागवाला मला काडीला हात लावू देतो? म्हणतात, ह्याच्या हातात पातं देऊ नका. हसून म्हणतात. मी बर्फाच्या कारखान्यात जातो."

मी पुन्हा माफीचंच बोलायला लागलो.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही मला 'कबूल कर' म्हणालात. 'केलंस का' असं एकदा तरी विचारायचं होतंत."

"मी काय करू आता, इब्राहिम?"

"माझ्याशी बोलून काय होणार? ज्यांना हसवलंत त्यांना सांगा."

म्हणून दसऱ्याच्या स्नेहभोजनाला मी कार्यकारिणीकडून पाच मिनिटं मागून घेतली. माईक हातात घेतला आणि म्हणालो, "खलिफा सिटीत एक माळी होता." पुढचं वाक्य बोलायच्या आतच सभागृह हसायला लागलं. मागून कुणीतरी माझ्याच जुन्या आवाजात ओरडलं, "झाडांना घाबरवत होतो, साहेब." आणखी हशा. साहेब पुढच्या रांगेत बसून मान डोलवत होते. मी माईक धरून उभा राहिलो. ते थांबेपर्यंत उभा राहिलो. मला त्या क्षणी तुमच्या प्रत्येकाचा राग आला होता, हे लपवत नाही. आणि हे हसू तुम्हाला कुणी शिकवलं, हेही आठवत होतं.

शांत झाल्यावर सगळं सांगितलं. जे इथे लिहिलं तेच, आणखी ओबडधोबड. मध्येच एका बाईंनी विचारलं, "मग चिरा कुणी दिल्या?" मी म्हटलं, "एका किड्याने. त्याला अंडी घालायची होती."

खाली उतरलो तेव्हा साहेब जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "चारचौघांत मला खोटं पाडलंत तुम्ही."

"मी स्वतःला पाडलं," मी म्हटलं. "तुम्ही बाजूला उभे होतात, म्हणून लागलं."

ते जेवायला थांबले नाहीत. अजून दोघे कार्यकारिणीतले माझ्याशी नीट बोलत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर असला कडू विषय कशाला, असं त्यांचं म्हणणं. तो माणूस मुसलमान होता म्हणून तुम्हाला करणी पटकन पटली, हे मी बोललो, ते त्यांना फार लागलं. लागू दे.

त्या दसऱ्याच्याच संध्याकाळी इब्राहिमला फोन केला. सांगितलं, बोललो म्हणून.

"हसले?"

"आधी हसले."

"मग?"

"मग नाही."

मागे त्याच्याकडे कुठेतरी यंत्र चालू होतं. तो म्हणाला, "तिकडचे सगळे होते?"

"नाही. अर्धेच असतील."

"मग लिहा. मराठीत लिहा. इकडे पण वाचता आलं पाहिजे. मी दाखवीन. आणि माझं नाव पूर्ण घाला."

संपादकांना साहेबांचं नाव नको होतं, ते मी घातलेलं नाही. माळ्याचंही नाव काढू या, असं त्यांनी सुचवलं, उगाच कुणाची बदनामी नको म्हणून. मी त्यांना सांगितलं, ते नाव राहणार नसेल तर लेख परत द्या.

इब्राहिम कासम मुकादम यांनी त्या कलमांना पातं लावलं नव्हतं. ते कलमं बांधतात. उत्तम बांधतात.